सोलर सेल छापायचेत, तर शिकायचं काय?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला छापता येणाऱ्या पेरोव्हस्काइट सोलर सेलवर काम करायचंय. इचलकरंजीत आमचा स्क्रीन प्रिंटिंगचा छोटा व्यवसाय आहे. तिनं फिजिक्स घ्यावं की सोलर इंजिनिअरिंग? नोकरी मिळेल ना? – एक आई

उत्तर : ताई, पदवीच्या नावात 'सोलर' असायलाच हवं असं नाही. माझा कल केमिकल इंजिनिअरिंग किंवा सरफेस कोटिंग टेक्नॉलॉजीकडे आहे.

कारण सांगते. पेरोव्हस्काइट म्हणजे विशिष्ट स्फटिकरचनेचा पदार्थ, तो द्रावणाच्या रूपात शाईसारखा पसरवता येतो. २००९ मध्ये या सेलची कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. पण तो विक्रम नखाएवढ्या सेलचा. तिथे काच गरगर फिरवून थर पसरवतात आणि बहुतेक शाई उडून वाया जाते. कारखान्यात मायक्रॉनहून पातळ थर मोठ्या पृष्ठभागावर एकसारखा बसवावा लागतो, एकही छिद्र न पडता. शाई सुकतानाच स्फटिक घडतात, म्हणून द्रावक किती वेगानं उडतो यावर सगळं अवलंबून. त्यात नेहमीचा द्रावक, डायमिथाइल फॉर्मामाइड, गर्भाला घातक. कमी घातक द्रावक म्हणून ब्रिटनच्या स्वान्सी विद्यापीठात गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन वापरून पाहिलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेनं २०२४ मध्ये लवचिक फिल्मवर रोल-टू-रोल (गुंडाळी उलगडत सलग) छापलेल्या, सुमारे ५० चौरस सेंटिमीटरच्या मॉड्यूलमधून ११ टक्के कार्यक्षमता मिळवली. २६ आणि ११ मधली ही दरी भरायला शाई, थर आणि सुकवणं समजणारी माणसं लागणार आहेत.

आणि एका प्रकारच्या सेलमध्ये टायटॅनिया, झिर्कोनिया आणि कार्बनचे थर चक्क स्क्रीन प्रिंटिंगनं देतात! मेश (स्क्रीनची जाळी) बदलली की थराची जाडी कशी बदलते, हे तुमच्या मुलीनं घरातच पाहिलंय. ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी) सरफेस कोटिंगचं बी.टेक. आहे, त्यासाठी एमएचटी-सीईटी मन लावून द्यावी. पुढे एम.टेक. किंवा पीएच.डी. लागेलच. आयआयटी मुंबईत या सेलवर संशोधन चालतं.

नोकरीचं म्हणाल, तर भारतात निव्वळ पेरोव्हस्काइटच्या जागा अजून मोजक्या आहेत. ओलावा आणि उष्णतेत हे सेल टिकवणं, त्यातल्या शिशाचा बंदोबस्त करणं अजून बाकी आहे. पण लिथियम बॅटरीचे इलेक्ट्रोड, रंग, छपाईची शाई, पॅकेजिंग इथे कोटिंगचंच ज्ञान लागतं, त्यामुळे ती अडकून पडणार नाही.

परीक्षा संपली की तिला तुमच्या वर्कशॉपमध्ये बसवा. शाईचा दाटपणा, मेश, सुकायला लागलेला वेळ, हवेतला ओलावा, सगळं रोज वहीत लिहू द्या. पुढे प्रयोगशाळेत इंटर्नशिप मागताना ती वही सोबत न्यायला सांगा.