वाचक विचारतात : हळदीच्या भावाचा अंदाज एवढा का फाकतो?

आर या आकडेवारीच्या संगणकभाषेतल्या ‘बीएसटीएस’ या पॅकेजबद्दल (तयार फंक्शनांच्या संचाबद्दल) या वेळी सांगली-सातारा भागातून बरेच प्रश्न आले. स्टीव्हन स्कॉट यांनी लिहिलेले हे पॅकेज कालश्रेणीतली (काळाच्या क्रमाने नोंदलेल्या आकड्यांतली) पातळी, कल आणि हंगाम वेगळे काढते व प्रत्येकातली अनिश्चितता बेजियन पद्धतीने (आधीचे गृहीतक आकड्यांनुसार सुधारत) मोजते. फंक्शनांची नावे खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंगच वापरा.

प्रश्न (सांगली) : हळदीच्या आठवडी सरासरी भावाची, क्विंटलमागे रुपये, अशी सहा वर्षांची आकडेवारी आहे. कलासाठी ‘ॲडलोकललिनिअरट्रेंड’ आणि हंगामासाठी ५२ हंगामांचे ‘ॲडसीझनल’ लावले. चार आठवडे अंदाज बरा येतो. सव्विसाव्या आठवड्याला मात्र अंदाजाचा पट्टा (खरा आकडा ज्या दोन कडांमध्ये पडण्याची शक्यता असते तो) इतका फाकतो की खालची कड शून्याखाली जाते. पॅकेजमध्ये दोष आहे का?

उत्तर : दोष पॅकेजचा नाही, निवडलेल्या घटकाचा आहे. ‘लोकल लिनिअर ट्रेंड’मध्ये पातळी तर भटकतेच, पण तिचा उतारही दर आठवड्याला थोडा थोडा भटकतो. आज उतारात पडलेला फरक पुढच्या प्रत्येक आठवड्यात साचत जातो. गणित करून पाहा : उताराच्या एका आठवड्याच्या प्रचरणाला (आकडे किती विखुरतात त्याचे माप; पट्टा त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रुंदावतो) एक एकक धरले, तर त्यातून अंदाजात येणारे प्रचरण चौथ्या आठवड्याला १४ एकके होते (१ + ४ + ९) आणि सव्विसाव्या आठवड्याला ५,५२५. म्हणजे एवढ्या एका कारणाने पट्टा जवळजवळ वीसपट रुंद होतो.

भाव दीर्घकाळ एकाच चढाने जाईल असे मानायला तुमच्याकडे कारण आहे का? हळदीत एखाद्या वर्षी भाव चढतात, दुसऱ्या वर्षी लागवड वाढते, आवक वाढते, भाव उतरतात. अशा मालिकेला बहुधा नुसते ‘ॲडलोकललेव्हल’ पुरते. कल हवाच असेल तर ‘ॲडसेमिलोकललिनिअरट्रेंड’ घ्या. त्यात उतार भरकटत नाही, एका दीर्घकालीन सरासरीकडे परत येतो आणि पट्टा आटोक्यात राहतो. दोन्ही मात्र एकत्र लावू नका. लोकल लेव्हल आणि ट्रेंड या दोघांतही पातळी असते. कोणती हालचाल कोणाच्या खात्यावर टाकायची हे साखळीला (पॅकेज फेरीफेरीने काढत जाते त्या नमुन्यांच्या मालिकेला) ठरवता येत नाही आणि ती तासन्‌तास फिरत राहते. ही चूक फार जण करतात.

शून्याखालची कड घालवायला मॉडेल भावावर नको, भावाच्या लॉगवर बांधा. भाव टक्क्यांच्या प्रमाणात हलतात, त्यामुळे हे तसेही योग्य. परत रुपयांत येताना मात्र जपा. ‘प्रेडिक्ट’ने दिलेल्या सरासरीला घातांक लावू नका. निकालात ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक ओळ म्हणजे भविष्याचा एक नमुना. आधी त्या सगळ्या आकड्यांना घातांक लावा, मग मध्यक आणि कडा काढा.

हंगामाचेही बोलायला हवे. वर्षात ५२ नव्हे, ५२.१८ आठवडे असतात. सहा वर्षांत हंगाम एका आठवड्याहून थोडा अधिक सरकतो. शिवाय ५२ हंगामांचे ‘ॲडसीझनल’ ५१ स्थिती-चल (मॉडेलने दर आठवड्याला अंदाजायच्या लपलेल्या राशी) वाढवते, सहा वर्षांच्या सुमारे ३१३ आकड्यांवर हे ओझे जड आहे. त्याऐवजी हंगाम लाटांनी दाखवणारे ‘ॲडट्रिग’ लावा : पिरियड ५२.१८, फ्रिक्वेन्सी १ ते ३. स्थिती-चल सहाच, आणि काम कितीतरी लवकर होते. नव्या हळदीची आवक सुरू झाली की येणारा बदल याने पकडला गेला नाही असे घटकांच्या आलेखात दिसले, तरच फ्रिक्वेन्सी ५ पर्यंत न्या.

दिवाळी मात्र या लाटांत बसत नाही. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. हा एकोणीस दिवसांचा फरक आठवडी मालिकेत जवळजवळ तीन आठवडे होतो. यार्ड बंद असणारे आठवडे ० आणि १ असा वेगळा चल करून समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) घ्या, आणि पुढच्या वर्षाच्या तारखाही त्यात आधीच भरा.

प्रश्न (तासगाव) : बेदाण्याच्या सौद्यांचे दर एक्सेलमध्ये मराठीत भरले आहेत. आरमध्ये आणल्यावर सगळ्या तारखा २०२० सालच्या दिसतात, आणि दरांच्या जागी ‘एनए’ (म्हणजे आकडा नाही) येते. मॉडेल चालतच नाही.

उत्तर : यात तीन वेगवेगळ्या चुका दडलेल्या असतात, एकेक करून काढा.

तारीख वाचताना वर्षासाठी लहान ‘वाय’ दिला असणार. लहान ‘वाय’ दोनच आकडे वाचतो. ‘२०२३’मधला ‘२०’ घेतो आणि २०२० करतो, उरलेला ‘२३’ गुपचूप टाकून देतो, इशाराही देत नाही. मोठा ‘वाय’ द्या. फॉरमॅट न देता ‘०५/०८/२०२३’ वाचायला दिले तर याहून वाईट होते : आर पहिला आकडा वर्ष समजतो आणि इसवी सन ५ मधली २० ऑगस्ट ही तारीख बनवतो. म्हणून फाइल वाचल्यावर सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख छापून बघा. दोन ओळींचे काम आहे, पण अर्ध्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

दरांचे म्हणाल तर आरचे ‘ॲज न्यूमेरिक’ देवनागरी अंक ओळखत नाही. ‘सीएचएआरटीआर’ फंक्शनने दहाही अंक इंग्रजी अंकांत बदला. नंतर हजारांचा स्वल्पविराम ‘जीसब’ने काढा आणि मगच संख्या करा. क्रम उलटा झाला तर पुन्हा एनए. किती एनए झाले ते मोजा. मूळ कोरे रकाने जेवढे होते तेवढेच हवेत.

तिसरी चूक मॉडेलमध्ये दिसते, फाइलमध्ये नाही. सौदे रोज निघत नाहीत. फक्त सौद्याच्या दिवसांच्या ओळी एकाखाली एक ठेवल्या तर दोन सौद्यांमधले अंतर कधी दोन दिवस, कधी आठ दिवस असते आणि ‘एनसीझन्स ७’ (सात दिवसांचा हंगाम) निरर्थक ठरते. आधी रोजचे सलग कॅलेंडर बनवा, सौदा नसलेल्या दिवशी दराच्या जागी एनए ठेवा आणि मग आपली फाइल त्याला जोडा. ज्याचा अंदाज करायचा त्या स्तंभात एनए चालतात, काल्मन गाळणी (पातळीचा अंदाज दिवसागणिक पुढे नेणारी पद्धत) ते सांभाळून घेते. कारक चलांत (अंदाजासाठी आधार म्हणून घेतलेल्या इतर स्तंभांत) मात्र एकही एनए चालत नाही. आठवड्याचा एकच सरासरी दर घेतला तर ही सगळी कटकटच राहत नाही. तीन महिन्यांपुढे पाहायचे असेल तर आम्ही तेच सुचवू.

प्रश्न (सातारा) : कोयना धरणाच्या रोजच्या पाणीसाठ्याचा अंदाज करतो. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस कारक चल म्हणून घेतला. ‘होरायझन ३०’ दिले तरी ‘प्रेडिक्ट’ अडते. एकदा चालले तेव्हा साठा ११२ टीएमसी दाखवला. शिवाय नवजाच्या पावसाला महत्त्वच नाही असे मॉडेल म्हणते, हे पटत नाही.

उत्तर : मॉडेलमध्ये कारक चल असले की ‘होरायझन’कडे पॅकेज लक्ष देत नाही. पुढच्या तीस दिवसांचा पाऊस ‘न्यूडेटा’मध्ये तीस ओळींत द्यावा लागतो, आणि स्तंभांची नावे अगदी तीच लागतात. पुढचा पाऊस कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून काही जण सरासरी पाऊस भरतात. तसे करू नका. पावसाची अनिश्चितता त्यात नाहीशी होते आणि पट्टा खोटा अरुंद दिसतो. मागच्या दहा वर्षांतला त्याच तीस तारखांचा पाऊस घ्या, प्रत्येक वर्षासाठी ‘प्रेडिक्ट’ वेगळे चालवा आणि दहाही ‘डिस्ट्रिब्यूशन’ तक्ते एकाखाली एक जोडून कडा काढा.

११२ येण्याचे कारण सरळ आहे. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे हे मॉडेलला कुणी सांगितलेले नाही. साठ्याला १०५.२५ ने भागून लॉजिट रूपांतर (० ते १ मधल्या आकड्याला अमर्याद पट्टीवर नेणारे) केले तर वरची मर्यादा पाळली जाते (धरण भरलेल्या दिवशी १ ऐवजी ०.९९९ धरा, नाहीतर अनंत येते). पण मुळात साठ्याचा अंदाज अशा मॉडेलने करूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. साठा पावसाइतकाच दरवाजे कधी उघडले यावर ठरतो, आणि तो माणसांचा निर्णय आहे. रोजची आवक घ्या. ती पावसाच्या मागोमाग येते, म्हणून त्याच दिवसाचा, आदल्या दिवसाचा आणि त्याच्याही आदल्या दिवसाचा पाऊस असे तीन स्तंभ करा.

नवजाचे म्हणाल तर तिन्ही ठिकाणी पाऊस साधारण एकाच वेळी पडतो. स्पाइक-अँड-स्लॅब प्रायर (मोजकेच चल उपयोगाचे असतील असे आधीचे गृहीतक) त्यातला कुठलातरी एक उचलतो, कारण ‘एक्स्पेक्टेडमॉडेलसाइझ’ मुळात १ असते, म्हणजे तुम्ही त्याला एकच चल अपेक्षित आहे असे सांगितलेले असते. एका नमुन्यात महाबळेश्वर, दुसऱ्यात नवजा अशी वाटणी होऊन दोघांचीही समावेश-संभाव्यता घटते. याचा अर्थ नवजाचा पाऊस बिनमहत्त्वाचा असा मुळीच नाही. तिन्हींची सरासरी काढून एकच चल करा, किंवा अपेक्षित आकार ३ करून पाहा.

आणि एक कळकळीची विनंती. या अंदाजावरून पुराचा इशारा कुणालाही पाठवू नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे; लोक त्या आकड्यांवर घर सोडायचे की नाही ते ठरवतात. त्यासाठी जलसंपदा विभागाची आणि प्रशासनाची माहितीच धरायची.

प्रश्न (मिरज) : तोच कोड दोनदा चालवला तर उत्तर वेगळे येते. ‘एनइटर’ (फेऱ्यांची संख्या) ५०० ठेवले आहे.

उत्तर : ‘बीएसटीएस’ला ‘सीड’ (यादृच्छिक आकड्यांचा ठरलेला आरंभ) द्या म्हणजे उत्तर तेच येईल. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही, फक्त झाकला जातो. उत्तरे ठळकपणे वेगळी येत असतील तर ५०० फेऱ्या अपुऱ्या आहेत. हे पॅकेज एका वेळी एकच साखळी चालवते. वेगवेगळे सीड देऊन चार साखळ्या स्वतः चालवा, प्रत्येकी ५,००० फेऱ्यांच्या. मग ‘सिग्माऑब्स’ आणि ‘सिग्मालेव्हल’ (निरीक्षणातल्या आणि पातळीतल्या चढउताराची मापे) यांच्या रेषा एकावर एक काढा. सुरुवातीचा किती भाग टाकायचा ते ‘सजेस्टबर्न’ सांगते. उरलेल्या भागावर ‘कोडा’ पॅकेजमधले ‘इफेक्टिव्हसाइझ’ (नमुने किती स्वतंत्र नमुन्यांच्या तोडीचे ते सांगणारे) चालवा. ते काही शेकड्यांत तरी हवे. पातळीचा सिग्मा शून्याला चिकटून बसत असेल तर फेऱ्या वाढवून उपयोग नाही. ‘एसडीप्रायर’मध्ये ‘सॅम्पलसाइझ’ मुळात ०.०१ असते, म्हणजे प्रायरला जवळजवळ वजनच नसते. ते १० करा आणि आठवड्याला भाव साधारण किती हलतो हा तुमचा अंदाज ‘सिग्मागेस’मध्ये भरा.

प्रश्न (वाई) : पॅकेज बसवताना तासभर ओळी सरकतात आणि शेवटी मशीन गोठते.

उत्तर : ‘बीएसटीएस’च्या आधी ‘बूम’ आणि ‘बूमस्पाइकस्लॅब’ बसतात, आणि ‘बूम’ म्हणजे सी प्लस प्लसचे मोठे कोठार. विंडोजवर सोर्समधून बांधायचे का असे विचारले तर ‘नाही’ म्हणा, तयार बायनरी (आधीच बांधलेली आवृत्ती) मिळते. लिनक्सवर बांधावेच लागत असेल तर एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करण्याचा पर्याय बंद ठेवा; गोठणे बहुधा रॅम संपल्यामुळे असते.

प्रश्न (पलूस) : ऑगस्ट २०१९ च्या महापुरातले आणि २०२० च्या लॉकडाउनमधले आकडे काढून टाकावेत का? ते ठेवले की जुन्या वर्षांवर रेषा छान बसते, पण पुढचा अंदाज चुकतो.

उत्तर : ओळ काढू नका, कॅलेंडर मोडेल. बाजार बंद होता त्या दिवशी आकडा शून्य नाही, एनए आहे. बाजार चालू असून भाव किंवा आवक विचित्र असेल तर आकडा तसाच ठेवा आणि ‘फॅमिली’ला ‘स्टुडंट’ सांगा. त्या वितरणाच्या शेपट्या जाड असतात, त्यामुळे एक विचित्र आठवडा सगळी पातळी ओढून नेत नाही.

छान बसणाऱ्या रेषेवर विसंबू नका. ती नंतरचे आकडे माहीत असताना काढलेली असते. शेवटचे १३ आठवडे झाकून ठेवा, आधीच्या आकड्यांवर मॉडेल बांधा, १३ आठवड्यांचा अंदाज करा आणि ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात जे होते तेच’ या साध्या अंदाजाशी सरासरी चूक ताडून पाहा. असे एकदाच नव्हे, झाकण्याची जागा बदलून पाच-सहा वेळा करा. ९० टक्क्यांच्या पट्ट्यात १३ पैकी ११-१२ आकडे सापडायला हवेत. सात-आठच सापडत असतील तर पट्टा अरुंद आहे, आणि प्रत्येक वेळी तेराच्या तेरा सापडत असतील तर पहिल्या प्रश्नातला भटकणारा उतार तुमच्याही मॉडेलमध्ये आहे का ते आधी तपासा.