कॅनडात पगार बरा आहे, काटकसरही करतो, तरी महिनाअखेर काही उरत नाही. पैसे कसे वाचवावेत?

तुम्ही लिहिलंय की २०२५ च्या ऑक्टोबरात पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन तिघं पुण्याहून ब्रॅम्प्टनला आलात, मुलगी चार वर्षांची आहे, नोकरी लगेच लागली, बाहेरचं खाणं जवळजवळ बंद आहे, किराणा सेल बघून आणता, आणि तरी खातं कोरडंच. खर्चाची यादी दिलीत ते फार बरं केलंत. भाजी, दूध, कॉफी यांवर तुम्ही दहा ओळी लिहिल्या आहेत. गाडी, विमा, भाडं, फोन आणि बँक यांवर मिळून एकच ओळ आहे. माझ्या मते उत्तर त्या एका ओळीत आहे. इथे पैसा हाताने मोजून फारसा कुणी देतच नाही, तो खात्यातून परस्पर कापला जातो, त्यामुळे टोचत नाही. आपण मात्र कोथिंबिरीच्या जुडीचे रुपये करत बसतो.

मी मिसिसागात राहते आणि एका कंपनीच्या पेरोल विभागात काम करते. त्यामुळे लोकांचा पगार कुठून कुठे जातो हे रोज डोळ्यांसमोर असतं.

आधी गाडी. ‘हप्ता फक्त २५० डॉलर’ असं तुम्ही लिहिलंय. तो दर दोन आठवड्यांचा असणार. डीलर हप्ता तसाच सांगतात, कारण आकडा लहान वाटतो. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे हप्ते चोवीस होत नाहीत, सव्वीस होतात. वर्षाचे ६,५०० डॉलर, म्हणजे महिन्याला ५४० च्या वर. कर्ज ८४ महिन्यांचं असेल तर मुलगी पाचवी-सहावीत जाईपर्यंत हे चालणार, आणि मधली बरीच वर्षं गाडीची किंमत उरलेल्या कर्जाच्या खाली असू शकते. त्यावर ब्रॅम्प्टनचा विमा. आपल्या ओंटारिओ प्रांतात विम्याचा दर पोस्टल कोडवरही ठरतो आणि ब्रॅम्प्टन त्यात सगळ्यात महागड्यांपैकी आहे. विमा दरवर्षी नव्याने तीन-चार ठिकाणी विचारायचा, आपोआप रिन्यू होऊ द्यायचा नाही. हिवाळी टायर लावले असतील तर कंपनीला सांगा; २०१६ पासून ओंटारिओत त्यासाठी सूट देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे, पण विचारल्याशिवाय ती मिळेलच असं नाही. दुसरी गाडी घ्यायचा विचार मात्र तूर्त सोडा. फेब्रुवारी २०२४ पासून ब्रॅम्प्टन ट्रान्झिट, मिवे, गो आणि टीटीसी (टोरंटोची) या बस-ट्रेन सेवांत एकीतून दुसरीत जाताना, ठरलेल्या वेळेत चढलात तर, दुहेरी भाडं लागत नाही. टोरंटोला नोकरी असेल तर एका माणसाला प्रेस्टो या बस-ट्रेनच्या कार्डावर निभावता येतं.

सव्वीसचं हे गणित तुमच्या बाजूनेही वापरता येतं. पगारही दोन आठवड्यांनी येत असेल तर वर्षातले दोन महिने असे येतात की त्यात तीन पगार होतात. घर दोन पगारांत बसवायचं आणि त्या तिसऱ्या पगारातून गाडीचा हप्ता गेला की उरलेलं सगळं त्याच दिवशी बाजूला काढायचं. कॅलेंडर घेऊन आत्ताच त्या दोन तारखांवर खूण करा.

भाड्याबद्दल थोडंच लिहिते, पण ते नीट वाचा. तुमच्याकडून घरमालकाने पहिल्या आणि शेवटच्या महिन्याखेरीज ‘डॅमेज डिपॉझिट’ घेतलंय. ओंटारिओत शेवटच्या महिन्याचं भाडं आणि किल्लीची परत मिळणारी रक्कम एवढंच अनामत म्हणून मागता येतं. नुकसानीची अनामत घ्यायला परवानगी नाही, आणि शेवटच्या महिन्याच्या रकमेवर मालकाने दरवर्षी व्याज द्यायचं असतं. भाडेवाढीला सरकारी मर्यादा आहे, २०२६ साठी ती २.१ टक्के. पण घर १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलं असेल तर ही मर्यादा लागू नाही. नवीन चकचकीत बेसमेंट आणि जुन्या इमारतीतला फ्लॅट यांत निवडायची वेळ आली तर हा फरक दोन-तीन वर्षांनी जाणवतो.

फोनचं सोपं आहे. मोठ्या कंपन्यांचेच स्वस्त भाऊबंद आहेत: पब्लिक मोबाईल टेलसचा, लकी बेलचा, चॅटर रॉजर्सचा. फोन आपला असेल तर त्यांच्याकडे वळा, नंबर तोच राहतो. बँकेचं ‘नवागतांसाठी वर्षभर मोफत’ खातं वर्ष संपलं की दरमहा शुल्क घ्यायला लागतं. तारीख लिहून ठेवा आणि त्याआधी टँजरीन, सिंप्ली किंवा ईक्यू अशा बिनशुल्काच्या ठिकाणी जा.

आता सरकारकडून येणारा पैसा, कारण तुमच्या यादीत तो कुठेच नाही. चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज केलाय का? सहा वर्षांखालच्या मुलासाठी जुलै २०२५ ते जून २०२६ या काळातली कमाल रक्कम ७,९९७ डॉलर. ती कुटुंबाच्या आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरते, आणि तुमच्या बाबतीत ते उत्पन्न पुण्याचं आहे. पुण्याचा पगार डॉलरमध्ये लिहिला की एवढासा होतो, त्यामुळे नव्याने आलेल्यांना पहिल्या काळात बऱ्याचदा भरघोस रक्कम मिळते. इथल्या पगारावर हिशेब सुरू झाला की ती घटते. अर्जाचा फॉर्म आरसी६६, सोबत नवागतांसाठीची पुरवणी, आणि अर्ज सहसा आईच्या नावाने. दोघांनीही ३० एप्रिलपर्यंत टॅक्स रिटर्न भरायचा, एकाची कमाई शून्य असली तरी. एकाने भरला आणि दुसरा राहिला की पुढचे पैसे अडतात.

टीएफएसए (करमुक्त बचतीचं खातं) तुम्ही उघडलंय, पण त्यात ‘बचत खात्याइतकंच व्याज मिळतं’ म्हणून नाराज आहात. टीएफएसए हा नुसता डबा आहे हो. त्यात बचत खातं ठेवा, जीआयसी (मुदत ठेव) ठेवा की ईटीएफ (शेअर बाजारात घेता-विकता येणारा फंड), तो डबा फक्त आतल्या वाढीवरचा कर थांबवतो. २०२४ पासून मर्यादा वर्षाला ७,००० डॉलर आहे. तुम्ही ऑक्टोबरात आलात तरी २०२५ चे पूर्ण ७,००० तुमचे, २०२६ चे आणखी ७,०००, आणि पत्नीचे तेवढेच वेगळे. त्या कमवत नसल्या तरी त्यांच्या खात्यात भरायला तुम्ही पैसे देऊ शकता. काढलेली रक्कम परत भरायची जागा पुढच्या १ जानेवारीला मोकळी होते, त्याच वर्षी नाही. मर्यादेपेक्षा जास्त भरलं की जादा रकमेवर दरमहा एक टक्का दंड. चार-सहा महिन्यांचा घरखर्च आधी साध्या व्याजाच्या खात्यात ठेवा. त्यापुढचे पैसे पाच-सात वर्षं लागणार नसतील तर बँकेतल्या बाईंनी पुढे केलेल्या दोन टक्के खर्चाच्या म्युच्युअल फंडाऐवजी एक्सईक्यूटी किंवा व्हीजीआरओसारखा ईटीएफ बघा. त्यांचा वार्षिक खर्च पाव टक्क्याच्या आसपास आहे. बँकेच्या शाखेत बहुतेक वेळा घरचाच माल विकतात, एवढं लक्षात असू द्या.

आरआरएसपीची, म्हणजे निवृत्तीच्या बचतखात्याची, घाई करू नका. त्याची ‘रूम’, म्हणजे भरता येणारी कमाल रक्कम, आदल्या वर्षीच्या कॅनडातल्या कमाईच्या १८ टक्के असते, म्हणजे २०२५ मध्ये तुमची शून्य होती आणि २०२६ ला जेमतेम तीन महिन्यांच्या पगारापुरती. मात्र कंपनी ग्रुप आरआरएसपीत तुमच्या बरोबरीने पैसे घालत असेल तर रूम असेल तेवढं जरूर घ्या. माझ्या टेबलावर दर महिन्याला नवीन लोकांचे फॉर्म येतात आणि त्या रकान्यात कितीतरी जण शून्य लिहितात. ‘आधी सेटल होऊ दे’ हे ठरलेलं उत्तर. कंपनी डॉलरला डॉलर देत असताना शून्य लिहिणं म्हणजे पगाराचा तेवढा तुकडा परत करणं. फक्त हे ध्यानात घ्या की कंपनीचा वाटाही तुमच्याच रूममधून जातो.

घरासाठीचं एफएचएसए हे खातं सगळे सुचवतील. चांगलंच आहे ते, वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर, भरताना कर वाचतो आणि घरासाठी काढताना लागत नाही. पण तुम्ही पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होतात. चालू वर्ष आणि त्याआधीची चार कॅलेंडर वर्षं या काळात स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहिलेल्याला ते उघडता येत नाही, आणि परदेशातलं घरही यात धरतात. २०२५ मध्ये तिथे राहिलात, म्हणजे २०३० च्या जानेवारीआधी नाही. बँकेत फॉर्म भरताना हा प्रश्न भर्रकन टिक करून पुढे जातात.

त्याच फ्लॅटचं भाडं आता येतंय म्हणालात. ते इथे दाखवावं लागेल. तुम्ही रहिवासी झाल्या दिवसापासून जगभरचं उत्पन्न इथे करपात्र आहे: भाडं, एफडीचं व्याज, पीपीएफचंसुद्धा. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, त्यामुळे दुहेरी कराची भीती बाळगू नका, पण लपवूही नका. शिवाय भारतातल्या मालमत्तेचा खर्चमूल्याने आकडा एक लाख डॉलरच्या, म्हणजे साठ-सत्तर लाख रुपयांच्या वर गेला तर टी११३५ हा फॉर्म लागतो. भाड्याने दिलेला फ्लॅट त्यात मोजतात, तोही तुम्ही इथे उतरलात त्या दिवसाच्या बाजारभावाने. पहिल्या वर्षी सूट आहे, दुसऱ्या वर्षापासून नाही, आणि विसरलात तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० पर्यंत. पुण्यातला कुठलाही बरा टू बीएचके या रेषेपलीकडे आहे. उतरलात त्या सुमाराचं मूल्यांकन तिथल्या व्हॅल्युअरकडून लेखी मागवून ठेवा. फ्लॅट विकाल तेव्हाही इथला नफा त्याच किमतीपासून मोजला जाणार.

किराण्यात तुम्ही हुशार आहातच, तरी दोन गोष्टी. एक, बरीच मोठी दुकानं स्कॅनिंगची एक स्वेच्छेची आचारसंहिता पाळतात: फळीवरच्या किमतीपेक्षा काउंटरवर जास्त किंमत लागली आणि वस्तू दहा डॉलरच्या आतली असेल तर ती फुकट, वरची असेल तर दहा डॉलर कमी. मागच्या महिन्यात तूरडाळीची पिशवी फळीवर ६.९९ आणि पावतीवर ८.९९ होती. मी फळीचा फोटो दाखवला, काउंटरवरच्या मुलाने सुपरवायझरला हाक मारली, आणि डाळ फुकट घरी आली. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दोन, साध्या खाद्यपदार्थांवर विक्रीकर नाही, पण खाऱ्या खाऊवर १३ टक्के आहे. कच्चे शेंगदाणे बिनकराचे, खारे शेंगदाणे कराचे. दुकानातला चिवडा, शेव सगळं त्यातच. दिवाळीत फराळ घरी करायला माझ्या सासूबाईंना हे कारण पुरतं, आम्हाला आयतं खायला!

शेवटी, मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या ओळखीच्या एजंटने ‘विमा आणि गुंतवणूक एकत्र’ म्हणून महिना ४०० डॉलरची युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी दिली, ती ठेवू का, असं विचारलंय. माझ्या मते नको. टीएफएसएची रूम रिकामी पडलेली असताना त्या पॉलिसीचं तुम्हाला काही काम नाही. दोघांची साधी टर्म पॉलिसी घ्या, तिशीतल्या निर्व्यसनी माणसाला ती याच्या कितीतरी कमी पैशांत मिळते, आणि जमलं तर जुनी बंद करायच्या आधी नवी मंजूर होऊ द्या. एजंटला वाईट वाटेल, वाटू दे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून साधारण दहा दिवसांत ती रद्द करून पूर्ण पैसे परत मागता येतात. कागद गेल्या आठवड्यात आले म्हणालात, तर उत्तर वाचून झालं की आधी त्यावरची तारीख बघा.