अर्ध्या डब्याचं काय करायचं

प्रिय चिऊ,

काल रात्रीचा तुझा मेसेज मी सकाळी चहा घेता घेता दोनदा वाचला. तुम्ही चौघींनी मिळून थाई करी केली, नारळाच्या दुधाचा दुसरा डबा अर्धाच लागला, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतायला निघालेल्या मैत्रिणीचा हात तू धरलास. ‘का?’ असं तिने विचारलं तेव्हा तुला काही सांगता आलं नाही. म्हणून मला विचारतेस: ‘बाबा, हे न टाकणं ही मराठी पद्धत आहे की आपल्याच घराची? आणि आता या अर्ध्या डब्याचं मी करू काय?’

दुसऱ्या प्रश्नाचं आधी बघू, कारण ते दूध तुझ्यासाठी थांबणार नाही. ते पत्र्याच्या डब्यातून आत्ताच्या आत्ता काढ. काचेच्या बरणीत किंवा झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओत, वर तारीख लिही आणि फ्रिजमध्ये ठेव. तीन-चार दिवस नीट राहील. आंबूस वास आला तर मात्र मोह नको. तोवर संपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठव. एका खड्यात साधारण दोन मोठे चमचे दूध मावतं, म्हणजे अर्ध्या डब्याचे सहा-सात खडे होतील. वितळल्यावर ते थोडं फुटल्यासारखं दिसतं, पण आमटीत, भातात काही फरक पडत नाही. फक्त सोलकढीला गोठवलेलं वापरू नकोस.

आणि मैत्रिणीला सांगायला एक साधं कारण आहे. नारळाचं तेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. ग्लासगोच्या सिंकखालचा पाइप किती गार असतो ते तुला माहीत आहे. ते आत जाऊन मेणासारखं बसतं.

पण तू हात धरलास तो पाइपसाठी नाही, हे मलाही कळतं.

आजीच्या घरी, रत्नागिरीला, नारळाचं दूध कधी उरलेलं मी पाहिलं नाही. ते उरेल इतकं काढलंच जात नसे. फ्रिज नव्हता. आज काय करायचं हे ठरल्याशिवाय नारळ फोडायचा नाही, हा तिचा नियम. फोडला की पाणी आम्हा मुलांना. मग दोन वाट्यांपैकी डोळ्यांची वाटी आधी, कारण ती लवकर खराब होते असं ती म्हणायची, आणि दुसरीला आतून मीठ चोळून पालथी ठेवायची. विळीवर बसून ती नारळ खवायची तो आवाज मला अजून ऐकू येतो, खर्र खर्र, आणि करवंटी लागायला आली की आवाज बदलायचा. तिथे ती थांबायची. करवंटीचा तपकिरी भाग चवात, म्हणजे खवलेल्या नारळात, आला तर रसाचा रंग जातो, म्हणून.

खवलेला चव पाट्यावर वाटायचा, पंच्यात घालून पिळायचा. हा पहिला रस, घट्ट, सायीसारखा. तो वाटीत बाजूला, झाकून. मग त्याच चवावर कोमट पाणी घालून पुन्हा पिळायचं. हा दुसरा रस, पातळ. कधी तिसराही, अगदी पांढुरकं पाणीच. स्वयंपाकात मात्र क्रम उलटा. आधी पातळ रसात डाळिंब्या किंवा भाजी शिजायची, आणि घट्ट रस सगळ्यात शेवटी, चूल मंद करून. पंच्यात उरलेला चोथा गाईच्या आंबोणात जायचा. सोडणं, म्हणजे नारळावरचं साल, न्हाणीच्या चुलीत, करवंटीची डवली, म्हणजे पळी, व्हायची. लोक माडाला कल्पवृक्ष म्हणतात; त्या घरात तो रोज कसा वापरात यायचा ते मी असं पाहिलं.

तर हे सगळं मराठी का? नाही, चिऊ, खरं सांगायचं तर हे कोकणी आहे. तुझ्या आईच्या माहेरी, सोलापूरला, नारळाचं दूध स्वयंपाकघरात दिसायचंच नाही. तिथे आमटीला सुकं खोबरं भाजून, काळं तिखट आणि शेंगदाण्याचं कूट. ओला नारळ म्हणजे देवाचा, तो फुटला की त्याची चटणी किंवा प्रसाद. लग्नानंतर पहिल्यांदा रत्नागिरीला आली तेव्हा आजीने रोजच्या डाळीत रस घातलेला बघून तिला वाटलं आज सणच आहे. पण राहिलेल्या पोळीचा कुस्करा, राहिलेल्या भाताची फोडणी, हे तिच्याकडेही अगदी तसंच होतं. म्हणजे हात धरणं दोन्ही घरांकडून आलं. हातातला पदार्थ तेवढा माझ्या बाजूचा.

इथे परदेशात आल्यावर गोष्ट उलटी झाली. तिकडे किती रस हवा ते आपण ठरवायचो. इथे डबा ठरवतो: ४०० मिलीलीटर, घ्या. म्हणून ‘उरलेल्या दुधाचा कुठला पदार्थ करू’ असा प्रश्न पडतो, आणि माणूस त्यासाठी नवं सामान आणतो, मग तेही उरतं. मी तसं करत नाही. आज जे शिजणारच आहे, त्यातल्या कशाला एक पळी रस चालेल, एवढंच बघतो.

बरणी रात्रभर फ्रिजमध्ये राहिली की उद्या उघडून बघ. वर पांढरा घट्ट थर जमलेला असेल, चमच्याने वडीसारखा उचलता येईल असा, आणि खाली करडं पाणी. बऱ्याच जणांना वाटतं नासलं. नासलेलं नाही. वरचा थर म्हणजे आजीचा पहिला रस आणि खालचं म्हणजे दुसरा. डब्याने तुझ्यासाठी ते वेगळं करून ठेवलंय. खालच्या पाण्यात डाळ-तांदूळ शिजव, वरचं शेवटी घाल. काही डब्यांत गवार गम घातलेला असतो, त्यात असा थर पडत नाही; ते तसंच ढवळून वापर. ‘लाइट’ लिहिलेला डबा पुढच्या वेळी घेऊ नकोस, त्यात जास्तीचं पाणी असतं, आणि पाणी आपल्या नळाला आहे.

एक फरक लक्षात ठेव. तुम्ही जी थाई करी केलीत, तिच्यात घट्ट साय मुद्दाम तेल सुटेपर्यंत परततात आणि त्यातच मसाला भाजतात. आपल्याकडे तेल सुटलं की फसलं. रस घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर फाटतो. कडेला बुडबुडे आले की गॅस बंद.

आता उद्या काय करायचं. तुझ्याकडे अर्धा डबा आहे, म्हणजे २०० मिलीलीटर. नेमका कोळाच्या पोह्यांपुरता. आजी हे दिवाळीत करायची, फराळाच्या पोह्यांच्या प्रकारांतला एक म्हणून, पण मी हे इथे कुठल्याही रविवारी करतो, कारण फोडणीशिवाय गॅसही लागत नाही. तुला आठवत असेल, पांढऱ्या पोह्यांवर तपकिरी छटेचं आंबट-गोड दूध, तू लहानपणी त्याला ‘ओले पोहे’ म्हणायचीस.

लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजव, कोळून गाळ. साधारण दोन-तीन चमचे दाट कोळ निघेल. नारळाच्या दुधात अर्धी वाटी पाणी घाल, त्यात कोळ, तेवढाच किसलेला गूळ, मीठ आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची. गूळ विरघळेपर्यंत ढवळ आणि आता चाख. इथेच सगळं ठरतं. आधी आंबट लागलं पाहिजे, मग गोड, मग जिभेच्या मागे मिरची. पोहे घातले की चव मवाळ होते, म्हणून रस थोडा जास्तच ठसठशीत ठेव. तिकडे जाड पोहे दोन वाट्या, चाळणीत धुवून निथळून पाच मिनिटं ठेव. बोटांत दाबला की दाणा मोडावा, पण लगदा होऊ नये. मग तुपाची फोडणी: जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची. फोडणी रसावर, रस पोह्यांवर, वर कोथिंबीर, आणि लगेच खायला बसा. दहा मिनिटं गेली की पोहे सगळा रस पिऊन टाकतात. चौघींना बोलावून, वाट्या मांडून मगच रस ओत.

चिंच तिथल्या आशियाई दुकानात मिळेल, ठोकळ्याची घे. बाटलीतली आधीच आंबट-खारट केलेली असते, तिने अंदाज चुकतो. कढीपत्ता नसेल तर नसू दे.

सोलकढी तू विचारणारच. तिचा माझा एक अनुभव आहे. लीड्समधलं माझं पहिलं वर्ष, डिसेंबर, बाहेर चार वाजता अंधार. आजीने दिलेल्या आमसुलांची शेवटची मूठ राहिली होती. आमसुलांचं पाणी केलं, डबा ओतला, आणि थंडीमुळे वाटलं गरम करून प्यावी. उकळलं. दोन मिनिटांत खाली गुलाबी पाणी आणि वर पांढऱ्या गुठळ्या. पुढची आमसुलं येईपर्यंत सहा महिने गेले आणि त्या काळात मी नारळाच्या दुधाला हात लावला नाही. सोलकढी उकळायची नाही, चिऊ. फार तर कोमट. आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास, मग हाताने चुरगळून गाळ. डब्याचं दूध ताज्या रसापेक्षा जड असतं, म्हणून २०० मिलीला दीड पट पाणी. लसणीच्या दोन पाकळ्या, मिरची, मीठ एकत्र ठेचून त्यात. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरलंस तर मीठ आधी घालू नकोस, आगळातच असतं.

बाकीचं भराभर सांगतो. रोजच्या तुरीच्या आमटीत चिंचेऐवजी आमसूल आणि शेवटी एक पळी रस. भात शिजवताना अर्ध्या पाण्याच्या जागी बरणीतलं खालचं पातळ, चिमूट मीठ. सोबत साधी बटाट्याची भाजी पुरते. दुधी, लाल भोपळा, मटार-बटाट्याचा रस्सा, कशातही चालतो. वांग्यात मात्र मला आवडत नाही.

गोड हवं असेल तर आणखी एक सोय आहे. गाईच्या दुधात गूळ घालून उकळलं की ते नासायची धास्ती असते, म्हणून आपण साखर घालतो. नारळाच्या रसाला गुळाचं भय नाही. कोकणातली किती तरी पक्वान्नं यावरच उभी आहेत: मालवणकडचे शिरवाळे आणि रस, गौरीला घावन-घाटलं, गोव्यातलं मणगणं. तुला सगळ्यात सोपं म्हणजे घावन आणि रस. तांदळाचं पीठ, मीठ, ताकासारखं पातळ होईल इतकं पाणी. तवा चांगला तापला की कडेकडून ओतायचं, जाळी पडली पाहिजे, मग झाकण. रसात गूळ आणि वेलची, बस. घावन त्यात बुडवून, चमच्याशिवाय खायचा.

आजीला मी फोनवर तुझी गोष्ट सांगितली. तिला डब्यातलं दूध ही कल्पनाच पटत नाही, दर वेळी विचारते की नारळ मिळत नाही का तिकडे. मिळतो, पण इथल्या दुकानातला नारळ कित्येकदा आतून वाळलेला किंवा खवट निघतो, आणि तो फुटेपर्यंत कळत नाही. तू हात धरलास हे ऐकून मात्र ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिला आमसुलं पाठव.’ पाव किलो आहेत माझ्याकडे, मागच्या मे महिन्यातली, तिच्या अंगणात वाळवलेली. त्यातली अर्धी आज पोस्टाने टाकतो. पिशवी उघडलीस की पांढरट कण दिसतील, ते मीठ आहे, बुरशी नव्हे. काचेच्या बरणीत भर, फ्रिज लागत नाही.

पोहे करायला बसशील तेव्हा फोन कर. कोळ घातल्यावर रसाचा रंग मला दाखव, मग गूळ किती ते सांगतो.

तुझा,
बाबा