गाईच्या शेणावर बसलेली, गांधीलमाशीसारखी दिसणारी ही मोठी माशी कोणती? ती डंख मारते का?

दक्षिण इंग्लंडमधलं कुरण, ऑगस्ट महिना, वाळत आलेल्या शेणावर बसलेला पिवळ्या शेपटीचा मोठा कीटक आणि त्याच्या पायांत भुंगा, एवढं वर्णन मला पुरेसं आहे. ही हॉर्नेट रॉबरफ्लाय, म्हणजे अ‍ॅसिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस. गांधीलमाशी नव्हेच. पंख मोजा, दोनच भरतील. गांधीलमाशीला चार असतात. हिला नांगी नाही, त्यामुळे डंख मारायचा प्रश्नच येत नाही. मुठीत धरलीत तर सोंड खुपसेल, पण तशी वेळ आपणच आणायची नाही.

लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. पोटाचा पुढचा भाग काळा, मागचा पिवळाधमक. हे सोंग पक्ष्यांना दूर ठेवायला उपयोगी पडत असावं. तोंडावर राठ केसांची दाट मिशी असते. धडपडणाऱ्या भक्ष्याच्या पायांपासून ती चेहरा वाचवते, असं मानतात.

शिकार बघण्यासारखी असते. शेणावर टेहळणी करत बसायचं, काही उडालं की झेपावायचं आणि हवेतच काटेरी पायांत आवळायचं. भुंग्याचं कवच टणक खरं, पण उडताना ते वर उचललं जातं आणि खालचं मऊ पोट उघडं पडतं. सोंड नेमकी तिथे घुसते. लाळेतल्या विषाने भुंगा लुळा पडतो, आतलं मांस विरघळतं आणि माशी ते शोषून घेते. उरतं ते रिकामं टरफल.

पण मला विचाराल तर या माशीची खरी गोष्ट शेणाची आहे. मादी शेणात किंवा त्याच्या आसपास अंडी घालते; गाईचं शेण, घोड्याची लीद, सशाच्या लेंड्या, काहीही चालतं. अळ्या मातीत वाढतात आणि शेणकिड्यांच्या अळ्यांवर जगतात, असा समज आहे. आता गुरांना आयव्हरमेक्टिनसारखं जंताचं औषध दिलं की त्याचा अंश शेणात उतरतो आणि शेणातल्या किड्यांच्या अळ्या मरतात. म्हणजे हिचं अन्नच गेलं. त्यात जुनी कुरणं नांगरली गेली, काही ठिकाणी चराईच थांबली. ब्रिटनमध्ये ही माशी कमी होण्यामागे हीच कारणं सांगितली जातात.

जुलै ते ऑक्टोबर हा तिचा हंगाम. पुन्हा गेलात तर उन्हाच्या वेळी जा आणि थोडी जुनी, वरून सुकलेली शेणं लांबूनच न्याहाळा. सावली पडली की ती उडालीच म्हणून समजा. फोटो मिळाला तर तिथल्या कीटक-नोंदी ठेवणाऱ्यांना जागा आणि तारखेसह जरूर पाठवा.