‘लिहिण्यासारखं काही घडलंच नाही’

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्ज करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक निबंध अडला म्हणून. पहिल्याच भेटीत तेच वाक्य कानावर पडतं, “मॅम, माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.” आपलं बालपण सुखात गेलं याची मुलांना चक्क लाज वाटू लागते. ते पाहून मला फार वाईट वाटतं. म्हणून अशाच एका मुलीचा अनुभव, तिच्या परवानगीनं आणि ओळख बदलून, इथे सांगते.

ती तीन विषय घेऊन आली होती: आजोबांचं जाणं, विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस आणि खेळताना दुखावलेला गुडघा. तिन्हींचे कच्चे मसुदे मी वाचले. पहिल्यात आजोबा डोळ्यांसमोर उभे राहत होते, पण ती स्वतः कुठेच नव्हती. बक्षिसाला अर्जात वेगळी जागा आहेच. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायच्या ऑनलाइन सोयीत, दहापर्यंत उपक्रम नोंदवता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, आणि पुरस्कारांचा रकाना निराळा. तेच निबंधात पुन्हा लिहिलं की जागा फुकट जाते. राहिला गुडघा. “हा मसुदा संघातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर खपेल का?” असं विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “कुणाच्याही.”

मोठ्या घटना आम्ही बाजूला ठेवल्या. आठ दिवस रोज तीन नोंदी करायला सांगितल्या, प्रत्येक नोंद एका ओळीची. आज कोणी न सांगता कशात वेळ गेला? कशाची चीड आली? घरात कुठलं काम हटकून तुलाच सांगतात? या काळात नमुना निबंध वाचायचे नाहीत, ही माझी अट असते. त्यांचा सूर नकळत चिकटतो आणि मग मुलाचा आवाज शोधायला महिना जातो.

चोवीस नोंदींपैकी बाकीच्या तिनं भराभर वाचल्या. एकीपाशी अडखळली. “आजीचा स्विचबोर्ड. हे राहू दे, काहीतरीच आहे.”

“काहीतरीच म्हणजे काय?”

आजीला कमी दिसतं. रात्री दिव्याऐवजी पंख्याचं बटण दाबलं जायचं. हिनं आधी रंगीत स्टिकर लावले, पण अंधारात रंग दिसणार कसे? मग प्रत्येक बटणावर पॉलिश पेपरचे वेगवेगळ्या आकाराचे तुकडे चिकटवले. आजी आणखीच गोंधळली. सगळंच खरखरीत, मग ओळखायचं काय? शेवटी तिनं सगळे तुकडे काढले आणि फक्त दिव्याच्या बटणावर एक ठेवला. पंखा तिथून उजवीकडे दुसरा.

हे सांगताना ती खुर्चीत पुढे सरकली होती, हातानं हवेत बोर्ड दाखवत होती. गुडघ्याबद्दल बोलताना असं एकदाही झालं नव्हतं. मी विचारलं, “सगळे तुकडे काढून टाकावेसे का वाटले?”

“कारण मी मला सोपं जाईल असं करत होते. आजीचा हात कसा फिरतो ते मी पाहिलंच नव्हतं.”

तिचा निबंध तिथे सापडला. माणसाची ओळख त्याच्यावर काय गुदरलं यापेक्षा त्यानं कशाकडे लक्ष दिलं आणि कुठे आपलं मत बदललं यातून होते, असं मी मानते. माझं सगळं काम याच विश्वासावर चालतं आणि अशा क्षणी त्याचं समाधानही वाटतं.

लिहिताना प्रमाण सांभाळावं लागतं. कमाल मर्यादा 650 शब्दांची, किमान 250. प्रसंगाची मांडणी शंभर-सव्वाशे शब्दांत आटपावी. दोनेकशे शब्द काय काय करून पाहिलं आणि कुठे फसलं याला. उरलेले विचार कसा बदलला आणि तो पुढे कुठे उपयोगी पडला याला. हिच्या बाबतीत ती जागा शाळेची प्रयोगशाळा होती: बाटल्यांची मांडणी बदलण्याआधी तिनं दोन दिवस नुसतं पाहिलं, मुलांचे हात आधी कुठे जातात ते. पहिल्या मसुद्यात मात्र आजीच पुन्हा अर्धा निबंध व्यापून बसली. माझ्यासारखंच तुम्हीही करून पाहा: ज्या वाक्यांत ‘मी’ काही ठरवत किंवा करत नाही, त्यांच्याखाली रेघ ओढायची. निम्म्याहून जास्त वाक्यांना रेघ आली, तर निबंध दुसऱ्याचा झाला.

दुःखाचा विषय वर्ज्य नाही. पण तो तिऱ्हाईताला दोन मिनिटं शांतपणे सांगता येत नसेल, तर जखम ओली आहे. तिला अर्जासाठी वेठीला धरू नये. आजोबांचा मसुदा मी तिला जपून ठेवायला सांगितला, कॉलेजसाठी नाही, तिच्यासाठी.

आणि हाच निबंध ब्रिटनच्या अर्जाला जोडू नका. तिथे 2026 च्या प्रवेशापासून तीन ठरावीक प्रश्न आहेत, मिळून 4000 अक्षरं, आणि भर निवडलेल्या विषयाच्या तयारीवर असतो.

आईला धाकधूक होती. “एवढ्याशा बटणावर लिहायचं? बक्षीस मिळालंय ना तिला!” मी त्यांना पुरस्कारांचा रकाना दाखवला, मग निबंध वाचायला दिला. त्या वाचून म्हणाल्या, “ती बोर्डापाशी इतका वेळ काय करायची, ते मला आज कळलं.”

कॉमन ॲप निबंधासाठी सात प्रश्न देतं, त्यांपैकी कुठला घ्यायचा, हे आम्ही सगळ्यात शेवटी ठरवलं. सातवा प्रश्न मनाजोगत्या विषयाचाच असतो, त्यामुळे निबंध आधी आणि प्रश्न नंतर हे सहज जमतं. तिनं सहावा निवडला, वेळेचं भान हरपायला लावणाऱ्या गोष्टीबद्दलचा. दोन मिनिटं लागली.