पंख आहेत, मग पक्ष्यांना हवामानबदलाची भीती कशाला?

तुमचा प्रश्न असा, की एक जागा तापली तर पक्षी उडून दुसरीकडे जातील, मग एवढी काळजी कशाला? मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण खरी अडचण बरेचदा जागेची नसते, वेळेची असते.

ऑक्सफर्डजवळच्या वायथम वूड्स या जंगलात 1947 पासून ग्रेट टिट पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. वसंत लवकर आला की ओकला पालवी लवकर फुटते आणि तिच्यावरच्या अळ्याही लवकर येतात. पिल्लांची भूक भागते ती या अळ्यांवरच. हे पक्षी बारमाही तिथलेच, त्यामुळे ऊब त्यांना थेट कळते. 1960च्या दशकाच्या मानाने ते आता साधारण दोन आठवडे आधी अंडी घालतात. म्हणजे त्यांनी जमवून घेतलंय.

पाइड फ्लायकॅचर या चिमुकल्या माशीमाराचं तसं नाही. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि परतायचं कधी, हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. युरोपात पालवी फुटलीय हे त्याला तिथे बसून कळणार कसं? बिचारा नेहमीच्या वेळी निघतो आणि पोचेपर्यंत पंगत उठत आलेली असते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की नेदरलँड्समध्ये जिथे अळ्यांचा हंगाम सर्वांत लवकर येतो, तिथे हे पक्षी दोन दशकांत सुमारे 90 टक्क्यांनी घटले.

रेड नॉट या किनाऱ्यावरच्या स्थलांतरी पक्ष्याची गोष्ट तर याहून चमत्कारिक. त्याची वीण होते त्या सायबेरियात बर्फ लवकर वितळतो, किड्यांची भर ओसरल्यावर पिल्लं बाहेर येतात, आणि अर्धपोटी वाढून आकाराने लहान, आखूड चोचीची राहतात. त्याचा फटका बसतो हजारो किलोमीटर दूर, ते हिवाळा काढतात त्या पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर. तिथले शिंपले वाळूत खोल असतात, आखूड चोच पोचत नाही. मग समुद्री गवताची मुळं खाऊन दिवस काढायचे. असे पक्षी जगतातही कमी.

तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही म्हणा. संशोधकांनी नेदरलँड्समधल्या फ्लायकॅचर माद्या स्वीडनला नेऊन सोडल्या. तिथला वसंत उशिरा येतो, त्यामुळे त्यांचं घड्याळ बरोबर जुळलं. स्थानिक माद्यांच्या आधी अंडी घालून त्यांनी पिल्लंही जास्त वाढवली. पण आपणहून तेवढं उत्तरेला जाणारे थोडेच. बहुतेक पक्षी एकदा जिथे घरटं केलं तिथेच परततात, आणि जे पुढे जातील त्यांना तिथे घरट्यासाठी पोकळ ढोलीची जुनी झाडं शिल्लक असावी लागतात.