कोरोनाचा आलेख काढणार असशील तर

अरे सांगली न साताऱ्याचा आलेख शेजारी शेजारी लावतोयस ना, मग नुसत्या केसेस टाकू नको, दर लाखामागं काढ, २०११ च्या जनगणनेत सातारा ३० लाख न सांगली २८ लाख, इथं फरक थोडाच पण मुंबई-पुणे शेजारी घेतलंस की सगळं चित्र बदलतंय. रोजचे बार फिकट ठेव, त्यावर ७ दिवसांच्या सरासरीची रेघ ठळक, कारण तेव्हा रविवारी टेस्ट कमी व्हायच्या, सोमवारचा आकडा पडायचा आणि लोकांना वाटायचं लाट ओसरली. मृत्यूंचं तर फार जपून कर. १६ जून २०२० ला राज्यानं आधीचे नोंदवायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम जोडले, तिथं उंच सुळका येणारच, तो पुसू नको, तिथंच टीप लिही, ती कुणाच्या तरी घरातली माणसं आहेत. आणि बघणारे मोबाईलवरच बघणार, अक्षरं वाचता येत्यात का ते आधी तपास.